उजवीकडची वही

किन्हीराजा गावचे पुंजाजी दंडारीचे, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या खेळाचे, वग लिहीत. कागदाच्या बाबतीत माणूस महाचिक्कट. एका वहीत लिहिलेलं गाणं दुसऱ्या वहीत उतरवायचं नाही, हा त्यांचा बाणा. वगात गाण्याची जागा आली की 'उजवीकडच्या वहीतलं पहिलं गाणं घ्यावं' एवढं लिहून मोकळे होत. त्यांच्या घरच्या फळीवर वगाच्या उजवीकडे लग्नाच्या गाण्यांची वही असे, डावीकडे मर्तिकाच्या भजनांची. वीस वर्षं घोटाळा झाला नाही, कारण वाचणारे तेच आणि फळीही तीच.

पंचाहत्तर साली मंडळींनी मुख्य गाणं देवमनला दिलं. कालपरवा आलेला गडी, पण गळा असा की ऐकताना पुंजाजींचा जळफळाट होई. तोंडानं ते 'गाऊ द्या त्याले' म्हणत. मनात म्हणत, याचं एकदा चारचौघांत नाक कापलं जावं.

इंझोरीच्या पारावर दुपारी दंडार उभी राहिली. गावकऱ्यांनी ऐन वेळी लग्नाचा वग मागितला. देवमननं तो कधी वाचलाही नव्हता. त्यानं पिशवीतल्या वह्या हाताला आल्या तशा मांडल्या, आणि झांज धरून बसलेल्या पुंजाजींना दिसलं की वगाच्या उजवीकडे मर्तिकाची वही आली आहे. आता उजवी बाजू धरायची ती फळीवरची की पारावरची, हे वहीत कुठं लिहिलं होतं? एका शब्दानं सांगता आलं असतं. पुंजाजींनी तो शब्द गिळला. भर मांडवात मयत निघणार, या कल्पनेनंच त्यांना गुदगुल्या होत होत्या.

वगात नवरी सासरी निघाली. देवमननं उजवीकडची वही उघडली, ओळ वाचून जरा थबकला, मग डोळे मिटून सूर लावला:

"दारातून गेलं मानूस, मांगं नाई पाह्यलं,
भरलेल्या घराले रितेपन आलं."

कोणी हसलं नाही. बायांनी पदर डोळ्यांना लावले. नवरीचा बाप झालेला मदनसिंग सोंग विसरून हमसाहमशी रडायला लागला. पुंजाजींची झांज हातातच राहिली. स्वतःचा बाप गेला तेव्हा पुंजाजींनीच रचलेलं गाणं ते; गावातल्या प्रत्येक मयतीला त्यांनीच म्हटलेलं.

परतताना बैलगाडीत दंडार पाहायला आलेली त्यांची बायको भागिरथा अजून डोळे पुसत होती. मग म्हणाली, "ते गानं कोनाचं होतं जी?"

"माह्यंच!" पुंजाजी उसळले. "वीस वर्सं झाले, घरात आयकून राह्यली ना तू?"

"असन," भागिरथा म्हणाली. "मले त आजच आयकू आलं."