बिननावाचा प्रस्ताव

मास्तरांना सगळे मास्तर म्हणत, पण शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. शहरातल्या वेबसाइट बनवणाऱ्या निम्म्या लोकांना त्यांनी हाताला धरून काम शिकवलं होतं, चुकलं तर चारचौघांत कान उपटले होते, म्हणून ते मास्तर. दरवर्षी ते वेब तंत्रज्ञानाची परिषद भरवत. घरात कार्य निघाल्यासारखी धावपळ असे: हॉल, जेवण, माइक, आणि ऐनवेळी रुसून बसणारे वक्ते.

वक्त्यांच्या निवडीत मात्र मास्तर कुणाच्या बापाचं ऐकत नसत. प्रस्ताव आले की नावं झाकायची, मास्तर धरून तिघा परीक्षकांनी गुण आणि शेरे द्यायचे, निवड झाल्याची-न झाल्याची पत्रं शेऱ्यांसकट संगणकानंच परस्पर पाठवायची आणि मगच नावं उघडायची. त्यानंतर गुणांत फेरफार नाही. वशिल्याची कुजबुज एकदा कानावर आली तेव्हा त्यांनीच हा नियम केला होता.

"मास्तर, जाहिरात काय कपाळ करू?" प्रसिद्धी सांभाळणारी बाई दरवर्षी कुरकुरे. "पोस्टरवर छापू का, कोण येणार ते आम्हालाच ठाऊक नाही म्हणून?"

"छाप. तेवढंच खरं छापल्याचं पुण्य."

यंदा एका प्रस्तावानं त्यांचं डोकं फिरवलं. दवाखान्यात नंबर लावायचं पान जुन्यापुराण्या फोनवर, मरतुकड्या नेटवर्कवरही कसं उघडेल, असा विषय होता. विषय चांगलाच होता. पण वाचता वाचता मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सगळ्यात स्वस्त फोनवाल्याचा विचार आधी करा, हे वाक्य त्यांचं. अक्षरं आधी, चित्रं मागून, ही रीत त्यांची. पान तपासायला इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, जिथे रेंज धड येत नाही तिथे जाऊन उभं राहायचं, ही खोडसुद्धा त्यांचीच. आपल्याच ताटातलं उचलून कुणीतरी आपल्यालाच वाढतंय, असं त्यांना वाटलं. त्यांनी तळातले गुण दिले आणि शेरा ठोकला: "सगळी उसनवारी आहे. दुसऱ्याच्या जिवावर व्यासपीठावर चढता येत नाही. स्वतःचं काही असेल तेव्हा या."

बाकीच्या दोघांनी चांगले गुण दिले होते. मास्तरांच्या गुणांनी प्रस्ताव खाली ओढला. पत्रं गेली.

नावं उघडली त्या दुपारी बाई लॅपटॉपसमोर बसून निवड न झालेल्यांना सवलतीची तिकिटं पाठवत होती. पाठवता पाठवता तिचा हात थांबला.

"मास्तर," ती म्हणाली, "ही तर तुमची मुलगी."

मास्तरांनी चष्मा चढवून पाहिलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

बायको गेल्यावर त्या घरात बाप-लेक दोघंच उरले होते. मुलगीही याच कामात पडली. काही वर्षांपूर्वी तिनं या परिषदेत बोलायची इच्छा सांगितली, तेव्हा मास्तर समितीसमोर हसले होते. "लोक म्हणतील घरचंच दुकान आहे," असं म्हणून वर पुस्ती जोडली, "आणि अजून पिकायची आहेस तू." ती दुसऱ्या शहरात नोकरी धरून निघून गेली. तेव्हापासून फोनवर बोलणं कामापुरतं, तब्येतीपुरतं. ती लहान असताना मास्तर तिला पार्किंगमध्ये न्यायचे. ती फोन उंच धरून उभी राहायची आणि पान उघडलं की ओरडायची, "बाबा, आलं!" पार्किंगची ही गोष्ट मास्तरांनी कुठल्याच भाषणात सांगितली नव्हती. चोराला ती कळणार कुठून? एवढं साधं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आपलं कुणी उचललं म्हणून इतका राग यावा, इतके आपण स्वतःवरच खूश कसे, या विचारानं त्यांना स्वतःची लाज वाटली.

दोन दिवसांनी एका वक्त्यानं अंग काढून घेतलं. बाईनं दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाली, "जागा रिकामी झालीय. तिचं नाव टाकते. कोण नावं ठेवतंय ते बघते मी."

"आधी तिला विचारतो," मास्तर म्हणाले.

मुलीनं फोन लगेच उचलला. "बरे आहात ना?" तिचा आवाज घाबरलेला होता. एरवी ते या वेळी फोन करत नसत.

"बरा आहे. अगं, तो शेरा माझा होता."

"ठाऊक आहे, बाबा. बाकीचे कुणी इतकं लागेल असं लिहीत नाहीत."

"मी चुकलो. मला ओळखता आलं नाही. एक जागा रिकामी झालीय. तू ये. सगळ्यांसमोर सांगतो माझी चूक."



"नावानिशी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, लोक काय म्हणतील. म्हणून नाव झाकून आले. म्हटलं, मुलगी कुणाची ते न कळता तरी बाबा वाचतील. तर तुम्ही म्हणालात, हिचं स्वतःचं काही नाही." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आता तुम्हाला वाईट वाटलं म्हणून बोलावताय. माझं काम तुम्हाला आवडलं, असं अजूनही म्हणाला नाहीत."

मास्तरांचं तोंड उघडलं. आवडलं होतं, अगदी पहिल्या ओळीपासून आवडलं होतं, म्हणूनच तर अंगाचा तिळपापड झाला होता. पण आता म्हटलं तर ते समजूत घातल्यासारखंच वाटणार होतं, आणि तिला ते कधीच खरं वाटणार नव्हतं. खरं बोलायची वेळ ते शेरा लिहितानाच घालवून बसले होते.

"मी शिकले ते सगळं तुमच्याकडूनच," ती म्हणाली. "दुसरं कुठून आणू? सांगा ना, कुठल्या वाटेनं येऊ तुमच्याकडे?"

मास्तरांना एकही वाट सांगता येईना. ती मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "गोळ्या वेळेवर घ्या," आणि फोन ठेवला.

बाई दारातच उभी होती. "काय म्हणाली? नाव टाकू?"

"नको," मास्तर म्हणाले, आणि बाईसमोरच त्यांना रडू फुटलं.