आकाशपाळण्यातली सुभद्राबाई

माझी मावशी सुभद्राबाई मिशनची बायबलबाई होती. म्हणजे खांद्याला पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाची छोटी पुस्तकं, आणि मोताळा, रोहिणखेडच्या बाजूची गावं पायी हिंडून ओट्यावर बसलेल्या बायांना येशूची गोष्ट सांगायची. कुणी ऐकून घेई, कुणी कुत्रं अंगावर सोडी. गावं तुडवायची तिनं. व्यासपीठावर उभं राहायचं मात्र पाळकानं, कारण ती बाई. हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

या बाईला पाळण्याचं वेड होतं. आठवडी बाजारात चार खोक्यांचा लाकडी पाळणा दिसला की पुस्तकं बाजूला ठेवून ती आधी त्यात बसायची. खाली येताना पोटात गोळा उठतो ना, तो तिला हवा असे. किंचाळायची, हसायची, आणि उतरल्यावर पदर सावरत भोवतालच्या बायांना सांगायची, "पाह्यलं का वो? आपल्याले वाटते आपन पुढचा दांडा धरला. खरं तं दांड्यानं आपल्याले धरलं राह्यते. देव तसा हाये." बाया हसत, पण ऐकत. पाळकाच्या उपदेशाला अर्धी मंडळी डुलक्या घेई. मावशीच्या पाळण्याला कुणी डुलकी घेतलेली मी पाहिली नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मलकापूरला मोठा लोखंडी आकाशपाळणा आला. कापसाचा हंगाम संपला होता, एका जिनचं, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचं, आवार रिकामं पडलं होतं, तिथं तो उभा केला. धुराड्याशी स्पर्धा करील एवढा उंच. मी सायकलच्या दुकानात कामाला होतो, तिथून मावशीनं मला ओढूनच नेलं. "चाल बे, दुकान काई पयून जात नाई."

त्या पाळण्याला इंजिन नव्हतं. माणसं फिरवत. कडूबा नावाचा एक काळा, सडपातळ गडी आणि त्याचे दोन सोबती. रोज पहिल्या फेरीआधी कडूबा चाकाच्या मधल्या आसाला कुंकू लावी, नारळ फोडी आणि पहिल्या फेरीतल्या माणसांना खोबरं वाटी. आम्ही पहिल्याच फेरीत होतो. मावशीनं ओंजळ पुढं केली. तिची ती सवयच होती. गावोगाव तिला पाणी वरून ओतत, भाकर वरून टाकत, कारण ती जन्मानं कोण होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यानं तेवढं काही धुतलं गेलं नव्हतं. पण कडूबानं तिचा हात आपल्या हातात धरला, खोबऱ्याचा तुकडा तळव्यावर टेकवला आणि बोटं मिटून दिली.

"खा बाई. आन घट्ट बसा. मी खाली आलो का तुमी वर."

मावशीनं खोबरं तोंडात टाकलं.

मग त्या तिघांनी जे केलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. अनवाणी पायांनी ते चाकाच्या आतल्या दांड्यांवरून झाडावर चढावं तसे वर चढले. थेट टोकाला. तिथं बाहेरच्या कड्याला लोंबकळले आणि अंग सोडून दिलं. त्यांच्या वजनानं चाक फिरलं. ते खाली, आम्ही वर. जमीन जवळ येताच ते उडी मारून सुटत, धावत, पुन्हा चढत, पुन्हा पडत. चाकाला वेग आला. आमचं खोकं वर जात असताना कडूबा आमच्या समोरून खाली गेला. हातभर अंतरावरून. त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. त्याला ना बसायला फळी, ना पुढं दांडा.

मी वर पोचलो तेव्हा रेल्वेचे रूळ चकाकताना दिसले, सरकीचे ढीग दिसले, दक्षिणेला बुलढाण्याच्या घाटाची निळी भिंत दिसली. आणि नेहमी किंचाळणारी मावशी गप्प होती. तिचे डोळे वाहत होते.

"भेव वाटते का?" मी विचारलं.

"तो पडते," ती म्हणाली. "तो पडते म्हून आपन चढतो. आन आतापरेंत मी बायाईले दांड्याचंच सांगत बसली व्हती रे! इतके वर्सं! पडनारा दिसलाच नाई मले."

मी धर्माच्या बाबतीत कोरडा माणूस. पण त्या खोक्यात माझ्या अंगावर काटा आला, आणि तो उंचीचा नव्हता.

उतारू घ्यायला चाक थांबलं. आम्ही नेमके टोकाला. खाली पाहतो तर आमचे पाळक वामनराव, आणि त्यांच्यासोबत चर्चच्या मंडळीचे पंच उत्तमराव. ईस्टरच्या आधीच्या दुःखाच्या आठवड्यात मिशनची बाई पाळण्यात बसली, अशी कुणीतरी चुगली केली होती.

"सुभद्राबाई!" वामनराव ओरडले. "खाली उतरा!"

"कशी उतरू पाळकसाहेब? उडी मारू का?"

लोक खदखदून हसले. एकानं टोमणा मारला, "साहेब, तुमीच चढा ना! स्वर्ग जवळ पडीन!"

उत्तमरावांचं लक्ष दुसरीकडेच होतं. फुटक्या नारळाकडे बोट दाखवून त्यांनी कडूबाला विचारलं, "हे वरच्या बाईंना दिलं का?"

"सगळ्याईले देल्लं," कडूबा म्हणाला. "काऊन, कमी पडलं का?"

झालं. मूर्तीला वाहिलेलं खाल्लं! आता त्या चाकात मूर्ती कुठं होती? लोखंडाचा आस, त्याला वंगण. पण पंचांना गुन्हा हवा असला की वंगणातही दैवत सापडतं.

आमच्या मंडळीची एक रीत होती. प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून सगळे भाकर आणि प्याला घेतात त्याआधी, ज्याच्यावर तक्रार असेल त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून "माझं चुकलं" म्हणायचं. म्हटलं की भाकर आणि प्याला मिळे. न म्हणणारा वर्षभर शिस्तीखाली, म्हणजे पंगतीबाहेर. बायकोला मारणारे म्हणत. शनिवारी पिणारे रविवारी म्हणत आणि पुढच्या शनिवारी पीत. दोन शब्दांना काय लागतं?

मावशीला लागत होतं. वर्षभर ओंजळीनं पाणी पिणारी ती बाई त्या एका प्याल्यासाठी जगत होती. तिथं कुणी वरून ओतत नसे. एकच प्याला, सगळ्यांचे ओठ त्यालाच. ईस्टरच्या आदल्या दिवशी ती पांढरं लुगडं धूत होती. मी म्हणालो, "म्हनून टाक ना मावशी. कोनाचं काय जाते?"

"माह्यं जाते," ती म्हणाली आणि लुगडं पिळलं.

ईस्टरच्या सकाळी चर्च भरलं होतं. टेबलावर पांढऱ्या कापडाखाली भाकर आणि प्याला. वामनरावांनी तिचं नाव घेतलं. वामनराव वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. भित्र्याच्या हाती नियम दिला की तो वाईटाचंच काम करतो.

"बाई," ते हळूच म्हणाले, "खोबरं तुम्ही अजाणता खाल्लं, असं मी धरतो. पाळण्यात बसणं चुकलं, एवढं म्हणा."

मावशी उभी राहिली. "अजानता नाई खाल्लं. त्यानं माह्या हातात हात देल्ला, म्हून खाल्लं. तुमच्यातल्या किती जनाईनं माह्या हातात हात देल्ला?"

ती पुन्हा वामनरावांकडे वळली.

"आन पायन्याचं म्हनता तं मले तठी प्रभू दिसला. वरतं नाई दिसला. खाली जाताना दिसला, लोकाईले वर धाडून. ते चुकलं म्हनू, तं मंग गावोगाव सांगू काय? मले भाकर पाह्यजे पाळकसाहेब. लय पाह्यजे. पन खोटं बोलून नोको."

उत्तमराव म्हणाले, "मग नियम ठरलेला आहे."

वामनरावांनी मान खाली घातली. मावशी बसली.

भाकरीचं ताट बायांच्या बाजूला गेलं. पहिली गोजरबाई. तिनं ताट हातात घेतलं, भाकर न घेता, मावशीला ओलांडून पुढं सरकवलं. दुसरीनंही तेच केलं. तिसरीनंही. माझी छाती फुगली. म्हटलं, बरी जिरली पंचांची!

"गोजरे!" मावशी कडाडली. "काय लावलं हे? घे भाकर!"

"तुले नाई तं आमाले नाई," गोजरबाई म्हणाली.

"तो का माह्या एकटीसाठी मेला? माह्यासाठी त्याले वापस लावता काय? लाज नाई वाटत? घ्या म्हनते ना!"

ताट मागं फिरलं. बायांनी रडत रडत भाकर घेतली.

मग प्याला आला. आमच्यात प्याला ओळीनं एकीच्या हातून दुसरीच्या हाती जातो. गोजरबाई प्याली, आणि तिच्या शेजारी मावशी. प्याला मावशीच्याच हातात आला. उत्तमराव अर्धे उठले. मला वाटलं आता ती पिणार, आणि प्यावंच तिनं, बघू कोण काय करतो.

तिनं दोन्ही हातांनी प्याला धरला. आत पाहिलं. किती वेळ पाहिलं कुणास ठाऊक. वामनराव भिंतीकडे तोंड करून उभे होते.

मग पदरानं कड पुसून तिनं प्याला शेजारच्या शालूबाईच्या हाती दिला. तिच्या हातात तो कलला.

"नीट धर वो," मावशी म्हणाली. "सांडशीन."