आडपडदा

“थांबा! पत्ते खाली ठेवा सगळ्यांनी,” मधुकरराव ताडकन उठून उभा राहिला. “हे दोघं इशारे करून राहिले. मी मघापासून पाहून राहिलो.”

देवरावला वाटलं, चहा आला. मधुकररावचे ओठ त्याला बाजूनं दिसत होते, नीट वाचता आले नाहीत. त्यानं हसून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. मग समोर बसलेल्या रुपरावचा लाल झालेला चेहरा त्याला दिसला आणि त्याचं हसू मावळलं.

तान्ह्या पोळ्यानंतरचा रविवार होता. विश्रांती पत्ते क्लब आणि सदर वस्तीचा क्लब यांचा मेंढीकोटचा सामना दर वर्षी त्याच दिवशी व्हायचा. सदरवाले ऑफिसातले बाबू. मधुकरराव त्यांचा म्होरक्या. विश्रांतीवाले बहुतेक गिरणीतले विणकर.

विश्रांती क्लब निघाला एकोणसत्तर साली. नंदनवन वस्तीत तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. पाळी सुटल्यावर रुपराव, देवराव, पोस्टमन बळीराम आणि आणखी एक-दोघं निंबाखाली पोतं टाकून बसत. पत्त्यांचा जोड एकच, त्यातही चौकटची दुर्री हरवलेली. तिच्या जागी बळीरामनं एका कोऱ्या पोस्टकार्डाचा तुकडा कापून घातला होता. तो तुकडा हातात आला की माणसाचं तोंड पडायचं आणि सगळ्यांना कळायचं, दुर्री कोणाकडे आहे. पुढे सभासदांनी स्वतःच विटा वाहून, वर टिनपत्रे टाकून एक खोली उभी केली. क्लबाचे नियम दोनच. पैसा लावायचा नाही आणि डाव चालू असताना बोलायचं नाही.

दुसरा नियम रुपरावचा. त्याचं कारण त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

रुपराव आणि देवराव बावीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, शेजारी शेजारी उभे राहिले होते. शेकडो साच्यांच्या खडखडाटात शब्द कोणाला ऐकू येणार? विणकर हातांनी आणि ओठांनीच बोलत. धोटा अडकला, मुकादम आला, डब्यात आज वांगं आहे, सगळं हातांनी. तोच खडखडाट देवरावचे कान हळूहळू खात गेला. जिथं कोणीच बोलत नाही, तिथं बहिरा माणूस मागे पडत नाही, एवढा साधा विचार रुपरावनं केला होता.

“काय इशारे केले गा आमी?” रुपराव आता उभा राहिला होता. “तोंड सांभाळून बोल!”

“तीन बोटं छातीशी नेली तुमी. मग मूठ फिरवली. खोटं हाये का?”

रुपरावनं एकवार देवरावकडे पाहिलं. देवरावनं आता सगळं ओठांवरून वाचलं होतं. त्याचे कान तापले. आठ वर्षांत या खोलीत कोणी कोणाला चोर म्हटलं नव्हतं. बळीराम दोघांच्या मधे पडला, सदरवाले चपला शोधू लागले. सामना मोडला असता, वर लबाडीचा डाग क्लबाला कायमचा चिकटला असता.

देवराव उठला, मागच्या दारानं घरी गेला. घर लागूनच होतं. त्याची बायको इंदूबाई चहाची गंजी चुलीवरून उतरवत होती. त्यानं दोरीवरचं तिचं हिरवं लुगडं ओढलं.

“अवो, ओलं हाये ते!” ती म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून तिनं स्वतःच घडी मोडून दिली.

खोलीत येऊन त्यानं या भिंतीच्या खिळ्यापासून त्या भिंतीच्या खिळ्यापर्यंत सुतळी बांधली आणि सतरंजीच्या बरोब्बर मधून लुगडं सोडलं. खाली वीतभर जागा ठेवली, पत्ते दिसण्यापुरती. एका बाजूला तो बसला. दुसऱ्या बाजूला बसण्याची खूण त्यानं रुपरावला केली. मधुकरराव आणि त्याचा भिडू पडद्याच्या दोन टोकांना; त्यांना दोन्हीकडचं दिसत होतं.

“आता वाटा,” बळीराम म्हणाला.

नवा डाव सुरू झाला. देवरावला पहिल्या दोन हातांत काही सुचेना. इतकी वर्षं तो खेळायचा तो समोरचा चेहरा पाहत. आता समोर ओलं हिरवं कापड होतं, त्याखालून रुपरावचा हात येई, पत्ता टाकी आणि निघून जाई. एवढा एकटा तो कधी बसला नव्हता. मग हळूहळू त्याचं मन पत्त्यांवर आलं. रुपराव कसा खेळतो, हे का त्याला बघून कळायचं होतं?

शेवटचे दोन-दोन पत्ते उरले. हुकूम संपले होते. मेंढीकोटात ज्याचे दहिले जास्त, तो जिंकतो; दोन दहिले विश्रांतीकडे होते, एक सदरकडे. चौथा, किलवरचा, देवरावच्या हातात होता आणि खेळी त्याची होती. तो गेला असता तर बरोबरी, आणि बरोबरीत हात मोजतात; ते सदरचे जास्त झाले होते. किलवरचा एक्का अजून निघाला नव्हता. याच डावात मघाशी रुपरावनं चौकटचा राजा उगाच टाकून दिला होता. राजा फेकणारा माणूस त्याहून मोठं काहीतरी जपत असणार.

देवरावनं दहिला टाकला. मधुकररावनं वर राणी टाकली आणि हसला.

कापडाखालून रुपरावचा हात आला. एक्का.

खोलीत गलका झाला असावा. सगळ्यांची तोंडं उघडी दिसत होती. मधुकररावनं उठून स्वतःच सुतळी सोडली.

“हारलो भाऊ. चूक माह्यी. पण मग ते हात कायले हलवून राहिले होते, तेवढं सांगा.”

देवराव उठून उभा राहिला. आपला आवाज केवढा निघतो हे कळत नसल्यानं तो चार माणसांत बोलायचंच टाळत असे.

“मले ऐकू येत नाही!” तो बोलला, आणि पत्र्यावरची कबुतरं उडाली. “दोन वर्षं झाले. काहीच नाही. नात रडली, हा सांगते. तीन बोटं अन् फिरती मूठ म्हणजे तीनची आगगाडी गेली, हा सांगते. मले आगगाडी लय आवडते, म्हणून सांगते. पत्त्याचं नाही सांगत!”

बळीरामनं खाकरून घसा साफ केला.

“आमाले माहीत हाये गा,” तो हळूच म्हणाला. “कधीचंच.”

देवरावनं ते त्याच्या ओठांवरून वाचलं. मग एकेकाकडे पाहिलं. क्लबातले सगळे खाली सतरंजीकडे पाहत होते, चोरी त्यांचीच पकडली गेल्यासारखे. एवढ्यात इंदूबाई चहा घेऊन आत आली. मधुकररावनं पुढे होऊन तिच्या हातातली थाळी घेतली, पहिला कप देवरावसमोर धरला आणि त्याच्या अगदी समोर येऊन, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, “घ्या, भाऊ.”

“तुमी घ्या पहिले,” देवराव म्हणाला. “पाव्हणे हाय तुमी.”

आवाज पुन्हा मोठाच निघाला. या वेळी त्यानं तो आवरायचा प्रयत्न केला नाही. खाली बसून त्यानं पत्ते गोळा केले आणि पिसायला घेतले.