शेकायला बसलेला धनुर्धारी

मित्रांनो, मी एक जुने चांदीचे नाणे आहे. स्वस्थ पडून राहणे मला जमत नाही, आणि त्याला कारण आहे.

माझा जन्म इराणातल्या हमदान शहराच्या टांकसाळीत झाला. एका बाजूला राजा, दुसरीकडे बसलेला धनुर्धारी. त्या राजासाठी लढायला निघताना बुर्जाग नावाच्या स्वाराने सुरीने माझ्या कडेला खाच पाडली आणि मला बायकोच्या, देनागच्या हातात ठेवले.

"आठवण आली की ही खाच चाचप. मी तिथंच आहे समज."

तो परत आला नाही. राजाही गेला. देनाग कामे करता करता खाच चाचपायची. तिच्या अंगठ्याची मला सवय झाली.

मग नव्या घराण्याची दवंडी पिटली: जुन्या राजाची नाणी टांकसाळीत आणा, लपवील तो शत्रू. शेजाऱ्यापाजाऱ्यांना मी ठाऊक होतो. नाइलाजाने देनाग मला घेऊन टांकसाळीत नाण्यांवर ठसे मारणाऱ्या विंदाद या म्हाताऱ्याकडे गेली.

"काका, चेहरा खुशाल बदला. खाच तेवढी राहू द्या, आणि हेच नाणं मला परत द्या."

"पोरी, इथं आलेलं नाणं म्हणजे नदीत टाकलेला खडा. पण बघतो."

नियम वितळवण्याचा होता. विंदादने मला नुसते तापवले आणि नव्या ठशाचा जपून एकच घाव घातला. खाच वाचली, पण घाव हलका पडला. नव्या चेहऱ्याआड जुना राजा आणि नव्या ठशातल्या पवित्र अग्नीशेजारी जुना धनुर्धारी अर्धामुर्धा दिसतच राहिला.

मुकादमाने मला उचलले. "हा कोण रे?"

"थंडी फार आहे, धनी. म्हातारा शेकायला बसलाय."

मुकादम हसला आणि त्याने मला शिपायांच्या पगाराच्या थैलीत फेकले. दाराशी उभ्या देनागला दुसरेच नाणे मिळाले, गुळगुळीत कडेचे.

मी पुष्कळ हिंडलो. एकदा लोकर विकत घ्यायला आलेल्या एका लोकरवाल्याच्या थैलीतून तिच्याच दारी आलो. तिचे केस पिकले होते. त्याने हातावर ठेवलेल्या नाण्याची कड ती चाचपू लागली.

"मावशी, कड काय बघता? चेहरा बघा की."

"चेहऱ्याचं काय घेऊन बसलास? ते बदलतात."

तिने सुस्कारा सोडला आणि दार लावून घेतले. मी थैलीत त्या नाण्याच्या अगदी खाली होतो. मला हाक मारता येत नव्हती.

आज मी संग्रहालयात काचेखाली आहे. लोक दोन राजे बघतात, धनुर्धारी बघतात. मित्रांनो, घरातली जुनी वस्तू मोडीत काढण्याआधी तिची कड एकदा चाचपून बघा. माझ्या कडेला बुर्जाग अजून आहे, पण मधे काच आहे.