बापाचा वाटा

दारूबंदीत पकडलेली माणसं सोडवणं हा अंबरनाथच्या हेमचंद्र वकिलांच्या हातचा मळ होता. त्यांचा नवा अशील भीमा बदलापूरपलीकडच्या ठाकूरवाडीचा. मेलेल्या माणसाच्या नावाने भुईवर दारू ओतायची ही वाडीची रीत, म्हणून बापाच्या दिवसांना मोहाची बाटली घेऊन निघाला आणि वाटेत पोलिसांना सापडला. वकिलांनी त्याला नीट पढवलं होतं, "बाटली माझी नाही, एवढंच बोल. पंचनामा कच्चा आहे, सुटशील."

कोर्टात साहेबांनी विचारलं, "बाटली तुझी?"

"मीच आनली, साहेब. मेलेल्या बापाचा वाटा हाय तो. माझी नाय कसं म्हनू?"

वकिलांनी आ वासला तो मिटेचना. गाढवाने हातची सुटका घालवली! साहेबांनीसुद्धा लिहिता लिहिता मान वर करून भीमाकडे पाहिलं. पण कायदा तो कायदा. भीमाला शिक्षा झाली, आणि दारू ओतून टाकायचा हुकूम सुटला.

मागच्या आवारात शिपायाने बाटलीचं बूच काढलं, तसा बेड्यांतला भीमा कळवळून ओरडला, "दादा, भुईवरच वतायची ना? मंग माझ्या बाचं नाव घेऊन वता. सखा नाव त्याचं."

शिपाई भांबावून भीमामागोमाग आलेल्या वकिलांकडे बघू लागला.

"माझ्याकडे काय बघतोस?" वकील खेकसले. "घे की नाव!"