मला गार पडू देऊ नका

मी एक जुना जनरेटर आहे. जुना म्हटलं की लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. अजून मी सुरू झालो की शेडचे पत्रे थरथरतात. मी गॅसवर चालतो, लांबीला बसएवढा आहे आणि अंगानं तापट. तापट असणं हे माझं कामच आहे, ते कसं हे पुढे कळेलच.

कारखान्यात मला ओतलं, घासलं, जोडलं आणि या वीजघरात आणून बसवलं. तेव्हा मी अखंड चालायचो. आमचे फोरमन मला घरच्या माणसासारखं जपायचे. जरा कुरकुरलो की अंगाला कान लावून ऐकायचे. सगळं शहर याच्या जिवावर चालतं, असं लोक म्हणायचे आणि मी फुशारून जायचो.

मग माळावर सौर पट्ट्या आल्या, टेकडीवर पवनचक्क्या फिरू लागल्या आणि मला बंद करून ठेवलं. चिमण्यांनी माझ्या पाइपांवर संसार थाटला. एकदा तर भंगारवाला टेप लावून मला मोजून गेला.

मला वाचवायला उभी राहिली ती फोरमनची मुलगी. ती इथेच इंजिनीअर म्हणून लागली होती. ढग आले, वारा पडला की वीज एकदम कमी होते. तेव्हा झटकन उठून भार उचलणारा कोणीतरी हवा, असं तिनं साहेबांच्या गळी उतरवलं. साहेबांनी एकच संधी दिली. ऊन उतरताना मी दहा मिनिटांत पूर्ण भार घ्यायचा. जमलं तर राहायचं, नाहीतर भंगारात जायचं.

झटकन उठायचं तर अंग गरम लागतं. म्हणून तिनं मला नवा हीटर बसवला. मी बंद असलो तरी तो माझ्या अंगात गरम पाणी फिरवत ठेवायचा.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी फोरमन माझ्यापाशी आले. त्यांचा जन्म सतत चालणारी यंत्रं सांभाळण्यात गेलेला. उद्या याला कष्ट आहेत, आज निवांत पडू दे, असं म्हणत त्यांनी मायेनं हीटर बंद केला. वर ताडपत्रीही पांघरली. अहो, काय करताय, असं मला ओरडायचं होतं. पण बंद जनरेटरला कुठला आवाज?

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीनं माझ्यावर तळवा ठेवला आणि तिचा चेहरा उतरला. मी गारठून पडलो होतो.

"बाळ, मीच बंद केला," फोरमन म्हणाले. "त्याला विश्रांती मिळावी म्हणून."

तिनं बाह्या सरसावल्या. "बाबा, याला विश्रांती नको, ऊब हवी. चला, शेजारच्याचं गरम पाणी याच्यात घेऊ."

शेजारी माझा धाकटा भाऊ आहे, वीजघरापुरती वीज करत सतत चालू असणारा, म्हणून कायम गरम. त्याचा पाइप मला जोडता जोडता बापलेक घामाघूम झाले. हीटरही लावला. माझ्या अंगात हळूहळू धुगधुगी आली, पण पुरती नाही. तेवढ्यात ढग दाटून आले, वेळेच्या बरेच आधी. आता भार घ्या, नाहीतर अर्ध्या शहराची वीज तोडावी लागेल, असा फोन आला.

"बाबा, हा उठेल?"

फोरमननी माझ्या अंगाला कान लावला. "उठेल. सुरुवातीला भार हळू दे. मग मागे बघू नकोस."

मी उठलो. खोकलो, धूर ओकला, हाडं करकरली. पण आज थांबायचं नाही, एवढं एकच मनात धरलं होतं. भार चढत गेला, मी तो पेलत गेलो. साहेब घड्याळ बघत उभे होते. दहावं मिनिट सरायच्या आत पूर्ण भार माझ्या खांद्यावर होता. शहरात कोणाला काही कळलंसुद्धा नाही. दवाखान्यातले दिवे तेवत राहिले, गिरण्या दळत राहिल्या. हीच माझी शाबासकी.

आता कधी मी दिवसातून दोनदा उठतो, कधी आठवडाभर पडून असतो. ऊन-वाऱ्याशी माझं वैर नाही. ते दमले की मी आहेच. फोरमन निवृत्त झालेत, तरी अधूनमधून येतात. आधी हीटरचा दिवा बघतात, मग माझ्यावर हात ठेवून लेकीला सांगतात, "गरम आहे गं."

मित्रांनो, रोज उपयोगी न पडणारा असा कोणी तुमच्याही जवळ असेल. त्याची कीव करून त्याच्यावर ताडपत्री टाकू नका. त्याला ऊब द्या. माझं म्हणाल, तर हाक आली की मी उठणारच.