बरणीत न मावलेली फीत

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. पुलगावच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या फडताळात माझे वास्तव्य आहे. भट्टीत जन्मले खरी. परंतु माझ्या जन्माला अर्थ आला तो एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली.

त्या वर्षी कृष्णकांत गुरुजी मला कोकणकिनारी घेऊन गेले. उबदार समुद्रातून त्यांनी एक जीव अलगद माझ्यात घेतला. हातभर लांब, फितीसारखा चपटा, आणि इतका पारदर्शक की जणू पाणीच देह धारण करून लहरत होते. त्याला ना अस्थी, ना मेंदू. मधोमध इवलेसे मुख. कडांवर सूक्ष्म केसांच्या फण्या. कंकत म्हणजे फणी, म्हणून त्याच्या कुळाला कंकतधर म्हणतात. त्या फण्या हलल्या की त्यांवरून सप्तरंग धावत.

तो टिकावा म्हणून गुरुजींनी माझ्यात फॉर्मालिन ओतले. तो सुकुमार देह औषध सोसणारा नव्हता. पुलगाव येण्यापूर्वीच तो आगगाडीत विरून गेला. गुरुजींनी गढूळ पाणी पाहिले आणि कोणास काही न सांगता मला फडताळात ठेवले. तो पारदर्शक जीव आत आहेच, असे शाळेत सारे समजत राहिले.

खंडेनवमीला शाळेत उपकरणांची पूजा असे. प्रयोगशाळा झाडणाऱ्या देवकाबाईंनी पूजेसाठी मला रिकामी करून राखेने लख्ख घासले.

"काऊन वं देवकाबाई," कारकून नाना हसले, "गुरुजीचा समुद्रच मोरीत सांडला का?"

देवकाबाई मोरीकडे धावल्या. मला सत्य ठाऊक होते. पण काचेला वाचा कोठून?

गुरुजी आले, तेव्हा त्या पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "मले त्यात काईच दिसलं नाई, गुरुजी. माह्या हातानं जीव गेला."

गुरुजींनी मला हाती घेतले. नाना पाहत होते.

"तुमच्या नाई, बाई. माझ्या हातानं गेला, गाडीतच. मले सांगाची लाज वाटली."

देवकाबाईंनी डोळे पुसले. "मंग इतके दिवस पाण्याचीच राखण करून राह्यले होते का तुम्ही?"

गुरुजींना हसू फुटले. त्यांनी मला स्वच्छ पाण्याने भरून खिडकीत ठेवले. ऊन माझ्यातून गेले आणि भिंतीवर रंगांची एक फीत थरथरू लागली.

"असंच होतं का जी ते?"

"असंच. पण जितं."

देवकाबाईंनी माझ्यासमोर झेंडूचे फूल वाहिले.

आता माझी कड चिरली आहे; मला फारसे कोणी हाती घेत नाही. त्याचा विषाद नाही. मित्रांनो, कधी समुद्रावर गेलात आणि ती फीत लहरताना दिसली, तर तिला पाण्यातच डोळे भरून पाहा. माझ्यासारखी बरणी मात्र घरीच ठेवून जा.